सही, शिक्का आणि शिकणं

बोलणारे दोघं आंबेगाव तालुक्यातल्या निरगुडसर परिसरातले. एक ऊस उत्पादक शेतकरी, स्वतः बी.एस्सी. झालेले, मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. दुसरे त्याच विषयाचे प्राध्यापक. विद्यार्थ्यांना ‘ओजेटी’ला, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाला पाठवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे. माझा स्वतःचा कल प्राध्यापकांकडे आहे. पण शेतकऱ्याच्या शंका मला बाजूला सारता आलेल्या नाहीत, म्हणून त्या आहेत तशा मांडतो.

शेतकरी : सर, सरळच विचारतो. मुलीला दुसऱ्या सत्रात चार क्रेडिटचं ओजेटी आहे. चार क्रेडिट म्हणजे १२० तास. आठ तासांची पाळी धरली तर पंधरा दिवस झाले. पंधरा दिवसांत द्राक्षाची छाटणीसुद्धा कोणाला नीट येत नाही. एवढ्यासाठी ती रोज एसटीने जाणार, कुणाच्या तरी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात उभी राहणार आणि शेवटी सही-शिक्क्याचा कागद घेऊन येणार. हे आम्ही एकदा भोगलंय. आमच्या शाळेत ‘कार्यानुभव’ नावाचा विषय होता. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात तो सुचवला, तेव्हा त्यामागचा विचार मोठा होता. मुलांनी शेतात, कारखान्यात, घरात काहीतरी उत्पादक काम करावं आणि त्यातून शिकावं, असा. आमच्यापर्यंत तो आला तेव्हा त्याची कागदाची फुलं झाली होती. निम्मी फुलं घरी आई-बहिणींनी केलेली असायची आणि गुण सगळ्यांना सारखे मिळायचे. आता नाव बदललं, कागद बदलला. आत काय बदललं ते सांगा.

प्राध्यापक : कार्यानुभवाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, नाना. पण तो का फसला ते पाहा. काम शाळेच्या भिंतीआड आणलं गेलं. ते कागदाचं फूल कोणालाच नको होतं. चांगलं झालं तरी कोणाचा फायदा नाही, बिघडलं तरी कोणाचं नुकसान नाही. ओजेटीत उलटं आहे. काम आधीपासून चालू आहे, त्यावर कोणाचं तरी पोट आहे, आणि विद्यार्थी तिथे जातो. फरक किती मोठा आहे ते एका उदाहरणाने सांगतो, कारण उदाहरण तुमच्या शेतातलंच आहे.

तुम्ही बी.एस्सी.ला साखरेच्या इन्व्हर्जनचा प्रयोग केला असेल. साखरेच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं, पोलरीमीटरच्या नळीत भरायचं आणि ठरावीक वेळाने नोंद घ्यायची. साखर ध्रुवित प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवते. तिचे तुकडे होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झाले की फ्रुक्टोजचा डावा जोर वरचढ ठरतो आणि आकडा घसरत घसरत शून्याच्या खाली जातो. १८५० साली विल्हेल्मी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हाच प्रयोग करून रासायनिक क्रियेचा वेग पहिल्यांदा गणितात बसवला. आमची मुलं तो प्रयोग जर्नलमध्ये सुबक लिहितात, आलेख काढतात, स्थिरांक काढतात. पण हा आकडा कशासाठी काढला असं विचारलं की गप्प बसतात.

आता तीच मुलगी गाळप हंगामात साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उभी आहे असं समजा. मिलमधून रसाचा नमुना येतो. ती उंच जारमध्ये रस ओतते आणि ब्रिक्सचा, म्हणजे रसात विरघळलेले घन पदार्थ मोजणारा, हायड्रोमीटर सोडायची घाई करते. तिथला केमिस्ट म्हणतो, थांब, फेस बसू दे, हवा निघू दे, नाहीतर आकडा चुकेल. मग तापमानाची दुरुस्ती. मग थोड्या रसात लेड सबअ‍ॅसिटेट टाकून हलवायचं, गाळायचं, गाळलेले पहिले थेंब टाकून द्यायचे, नंतरचा स्वच्छ रस पोलरीमीटरच्या नळीत भरायचा आणि पोल, म्हणजे साखरेचा अंश, वाचायचा. पोल भागिले ब्रिक्स गुणिले शंभर, ही रसाची शुद्धता. सगळं पुस्तकात आहे. पण खिडकीतून बाहेर पाहिलं की यार्डात ट्रॉल्यांची रांग आहे, आणि त्यातल्या एका ट्रॉलीतला ऊस तोडून दोन दिवस झालेले आहेत. तोडलेल्या उसात इन्व्हर्जन चालूच असतं. तिथे आम्ल ओतायला कोणी लागत नाही, उसातली विकरं आणि जिवाणू ते काम करतात. जर्नलमधला घसरणारा आलेख आणि गव्हाणीत पडणारी ती मोळी एकच आहे, हे ज्या दिवशी तिला दिसतं, त्या दिवशी ती रसायनशास्त्र शिकली. हे मी फळ्यावर दाखवू शकत नाही. वीस वर्षं दाखवलं तरी दाखवू शकणार नाही.

शेतकरी : ट्रॉलीच्या रांगेत मी उभा राहिलोय, सर. ऊस वाळताना काय होतं ते मला वजनकाट्यावर आणि हातात आलेल्या पैशांत कळतं. उसाचा दर उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीला, बांधलेला आहे. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, ठरली होती, आणि त्यावर उतारा ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलमागे ३.४६ रुपये जास्त. तेव्हा त्या नळीतला आकडा माझ्या घरातला आकडा आहे. तुमचं उदाहरण मला पटलं. पण त्यात एक माणूस तुम्ही फार सहज उभा केलात. ‘थांब, फेस बसू दे’ म्हणणारा. तो केमिस्ट. त्याच्या पाळीत ठरल्या वेळेला नमुने येत असतात, साखर शिजवणाऱ्या पॅनवरून फोन येत असतो, नोंदवही भरायची असते. त्याला दहा पोरांना फेस का बसू द्यायचा हे सांगायला वेळ कुठला? तो म्हणेल, ताई, तुम्ही तिथे खुर्चीवर बसा आणि हे आकडे वहीत उतरवा. म्हणजे १२० तास आकडे उतरवण्यात गेले. मुलगी परत येऊन सांगेल, कारखाना पाहिला.

प्राध्यापक : असं घडतं. नाही म्हणणार नाही. पण त्यातही काही हाती लागतं. रात्रपाळीच्या शेवटी माणूस दमलेला असताना नोंद कशी होते, ती वही पुढे कोणत्या टेबलावर जाते, प्रयोगशाळेतला आकडा आणि गोदामातली पोती जुळतात की नाही यावर वाद कसा होतो. विज्ञान हे माणसं करतात, हे तिला कळतं. आणि वेळेचं म्हणाल तर हंगामाशी जुळवून घेता येतं. एम.एस्सी.चं दुसरं सत्र आणि गाळपाचे शेवटचे महिने एकत्र येतात. अभियांत्रिकी आणि पदविकेची मुलं उन्हाळ्यात जातात तेव्हा कारखाना बंद असतो, म्हणून लोक म्हणतात, बंद कारखान्यात काय शिकणार? मला तर तीच उत्तम वेळ वाटते. चालू हंगामात टर्बाइनजवळ कोणी फिरकू देत नाही. बंद हंगामात मिलचे रोलर बाहेर काढलेले असतात, झिजलेले दाते दिसतात, बेअरिंग उघडी असतात. अवसरीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलाने पुस्तकात ‘झीज’ वाचलेली असते. ती बोटाने चाचपायला मिळणं ही साधी गोष्ट नाही.

शेतकरी : एका मुलाला ती मिळेल, दोघांना मिळेल. हिशेब करा ना. पारगावला भीमाशंकर कारखाना एक. तालुक्यात महाविद्यालयं किती, त्यात दरवर्षी ओजेटीला निघणारी मुलं किती? अवसरी आहे, मंचर आहे, पलीकडे नारायणगाव, जुन्नर, कुरण. सगळ्यांना त्याच जागा. जागा पुरल्या नाहीत की काय होतं ते तुम्हीही पाहता आणि मीही पाहतो. ओळखीच्या माणसाकडून पत्र आणायचं. मुलगा घरी बसतो आणि पंधराव्या दिवशी सही होते. किंवा दुसरं टोक. चाकण, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून मुलं लायनीवर उभी करायची. एआयसीटीईने, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, २०१३ साली ‘नीम’ योजना आणली होती, आठवतं? शिकता शिकता काम. कामगार संघटनांनी त्यावर आक्षेप घेतले, कायम कामगाराच्या जागी स्वस्तातला शिकाऊ उभा केला जातोय म्हणून. पुढे ती योजना बंद झाली. पण ती ज्या मोहातून वाढली तो मोह बंद झालेला नाही.

आणि पैशांचं बोलायचं तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ म्हटलं. पोरगा काम करायचा आणि त्या कामावर त्याचं शिक्षण चालायचं. इथे उलट झालंय. शिक्षणाची फी मी भरतो, एसटीचं भाडं मी देतो, डबा घरून जातो, आणि काम दुसऱ्याचं होतं. मुलगी असेल तर पाळी सुटल्यावर शेवटची गाडी मिळेल का, हाही हिशेब आईलाच करावा लागतो. उसाच्या पट्ट्यात बिबट्याची भीती आहे, सर. हे कोणत्या क्रेडिटमध्ये बसतं?

प्राध्यापक : ते बसत नाही, आणि बसवलं पाहिजे. तिथे मी तुमच्याबरोबर आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली जो शिकाऊ जातो त्याला विद्यावेतनाचा हक्क आहे. ओजेटीला जाणाऱ्या विद्यार्थ्याचं विद्यावेतन त्या त्या आस्थापनेच्या मर्जीवर आहे. म्हणजे ज्याच्या बापाला भाडं परवडतं तो चांगल्या ठिकाणी जातो आणि ज्याला परवडत नाही तो जवळची सही आणतो. हा अन्याय आहे.

पण जगाचा अनुभव नीट पाहू या. १९०६ साली अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी ही पद्धत सुरू केली. काही काळ कारखान्यात, काही काळ वर्गात, पुन्हा कारखान्यात. आपल्याकडे बिट्स पिलानीने १९७३ पासून ‘प्रॅक्टिस स्कूल’ चालवलं. तिथे प्राध्यापकही विद्यार्थ्यांबरोबर त्या कामाच्या ठिकाणी असतात, पत्र देऊन मोकळे होत नाहीत. या दोन्हींत मला जे महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. मुलगा कामावर जातो यापेक्षा तो परत वर्गात येतो आणि पुन्हा जातो, यात शिक्षण आहे. कामावर प्रश्न पडतो. वर्गात त्याचं उत्तर शोधायला सवड मिळते. पुन्हा कामावर गेल्यावर ते उत्तर खरं की खोटं ते कळतं. आपण १२० तास एकदाच, एका दमात देतो आणि परत येण्याची सोय ठेवत नाही. हा आपल्या आराखड्यातला दोष आहे, कल्पनेतला नाही. तेच तास चार भागांत का देऊ नयेत? शनिवार-रविवार का नकोत? कारखानाच कशाला हवा? नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र आहे, दूध संकलन केंद्रं आहेत, गावागावांच्या पाणीपुरवठा योजना आहेत. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट किती, हे गावाला हवं आहे आणि आमच्या प्रयोगशाळेत काढता येतं.

शेतकरी : म्हणजे पाबळ. तुम्ही तिकडे वळणार हे मला माहीत होतं.

प्राध्यापक : वळणारच. आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यात ते घडलंय, दूरच्या देशात नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून १९८३ साली पाबळला आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. शाळेत न रमणारी मुलं तिथे वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, पाण्याची तपासणी शिकली. गावाला लागणारी कामं केली, आणि ग्राहकाने त्याचे पैसे दिले. ग्राहक पैसे देतो म्हणजे काम उभं राहिलंच पाहिजे. पुढे २००२ साली अमेरिकेच्या एमआयटीची फॅब लॅब तिथे आली. ज्या गावाला लोक आडगाव समजत होते तिथे.

शेतकरी : कलबागांबद्दल मला आदरच आहे. पण पाबळमध्ये शिकवणारा आणि काम करवून घेणारा एकच होता, हे विसरू नका. मुलगा चुकला तर ती चूक कलबागांची होती. तुमच्या ओजेटीत शिकवणारे तुम्ही, काम करवून घेणारा दुसरा, आणि चूक झाली तर ती तिसऱ्याची, म्हणजे माझ्या मुलीची.

आणि गावाच्या कामाबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. दरवर्षी आमच्याकडे कृषी महाविद्यालयाची मुलं येतात. कृषिदूत, कृषिकन्या. चांगली मुलं असतात, घरच्यांसारखं वागतात. पण येतात ती आम्हाला शिकवायला. बीजप्रक्रिया कशी करावी, बोर्डो मिश्रण कसं करावं. ज्यांनी उभी हयात द्राक्षबागेत बोर्डो फवारलंय त्यांना समोर बसवून! फोटो निघतो, वर्तमानपत्रात बातमी येते, अहवालाला जोडली जाते. त्यांच्या कार्यक्रमाचं नाव ‘कार्यानुभव’च आहे बघा. त्या चार महिन्यांत एखाद्याने येऊन विचारलं असतं, काका, चुना जास्त झाला तर तुम्हाला कसं कळतं, तर मी त्याला अख्खा दिवस दिला असता. पण प्रात्यक्षिक त्याने करायचं असं वर लिहिलेलं असतं. शिकायला आलेल्याने शिकवायचं, आणि ज्याला येतं त्याने टाळ्या वाजवायच्या.

प्राध्यापक : हा तुमचा सगळ्यात खरा मुद्दा आहे, आणि माझ्याकडे त्याला पळवाट नाही. आपल्या विद्यापीठांना वाटतं की ज्ञान आपल्याकडून कामाकडे जातं. उलटी वाट कागदावर मान्य आहे, पण गुणपत्रिकेत तिला जागा नाही.

शेतकरी : आता दुसरी बाजूही ऐका, कारण मी गावाचं कौतुक करतोय असं वाटायला नको. मुलगी शिकतेय ती उसाच्या बाहेर पडायला. तालुक्यात जे काम आहे तेच तिचं प्रशिक्षण असेल, तर तिची झेप तालुक्याएवढीच ठरेल. पुण्यातल्या मुलाला औषध कंपनीची प्रयोगशाळा मिळते, तिथे महागडी यंत्रं असतात. आमच्या मुलीला हायड्रोमीटर. नोकरीच्या मुलाखतीत दोघं शेजारी बसतात.

प्राध्यापक : इथे मात्र मी तुम्हाला अडवतो. खोडदला जा. जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रा. गोविंद स्वरूप यांनी त्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या नाहीत. तारेच्या दोरांवर पोलादी जाळी ताणून बसवली. त्यामुळे वजन कमी झालं, वारा आरपार जाऊ लागला, आणि आपल्या देशाला परवडेल अशा खर्चात काम झालं. जे परवडत नाही ते वेगळ्या रीतीने करायचं, यातूनच नवं तंत्र निघालं. त्या तबकड्या फिरवणाऱ्या मोटारी, गिअर, केबल यांची देखभाल रोज इथेच होते. तिथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प मिळतात. दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला आपल्या भागातली शाळा-महाविद्यालयं तिथे प्रयोग मांडतात. तालुका लहान म्हणून काम लहान, हे मला मान्य नाही. हायड्रोमीटरचंही तेच. महागड्या यंत्रावर बटण दाबणाऱ्या मुलापेक्षा, हायड्रोमीटर का चुकतो हे ज्या मुलीला माहीत आहे ती मला जास्त शिकलेली वाटते.

शेतकरी : तुम्हाला वाटते. मुलाखत घेणाऱ्याला वाटते का?

प्राध्यापक : सगळ्यांना नाही वाटत.

शेतकरी : मग ते तसंच राहू द्या. आता माझी शेवटची शंका, आणि हीच मला झोपू देत नाही. उसाच्या शिळेपणाचं तुम्ही सांगितलंत. मी थोडं वाचलंय. शिळ्या उसात जिवाणू डेक्स्ट्रान तयार करतात, आणि ते प्रकाश साखरेपेक्षाही जास्त उजवीकडे वळवतं. बरोबर?

प्राध्यापक : बरोबर. जवळजवळ तिप्पट.

शेतकरी : म्हणजे ऊस खराब असूनही पोलरीमीटरचा आकडा चांगला दिसू शकतो. नळीत साखर दिसते, पॅनमध्ये ती येत नाही. उद्या माझ्या मुलीला कुठल्याही आस्थापनेत, साखरेच्या असो वा औषधाच्या, असा न जुळणारा आकडा दिसला. ती विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. तिने तो अहवालात लिहायचा की नाही? अहवालावर सही कोणाची लागणार? त्याच आस्थापनेची. गुण देणाऱ्यांत कोण? त्यांचाच माणूस. तुम्ही तिला वर्गात सांगता, जे दिसलं ते लिही. आणि पाठवता अशा जागी, जिथे जे दिसलं ते लिहिलं तर सही अडते. पुढच्या वर्षी तुमच्या महाविद्यालयाला ती जागा मिळत नाही. मग तुम्हीच तिला म्हणाल, बेटा, हे पान काढून टाक. कामातून ती हेही शिकेल, सर.

प्राध्यापक : प्रश्न तुम्ही योग्य ठिकाणी आणून ठेवलात, नाना. विद्यार्थी तपासनीस नाही, हे खरं. पंधरा दिवसांच्या पाहण्यावर कोणावर आरोप करणं हेही अज्ञान असेल, कारण बऱ्याचदा आकडा न जुळण्याचं कारण त्या मुलाच्या हातातच असतं. फेस बसू न देता घेतलेली नोंद असते ती. म्हणून आधी त्याने त्या केमिस्टला विचारावं, दोघांनी नमुना पुन्हा काढावा. चांगला केमिस्ट यावर चिडत नाही, उलट त्याला बरं वाटतं. पण दुसऱ्यांदाही जुळला नाही तर? तर लिहिलंच पाहिजे. आणि त्या पानाच्या मागे महाविद्यालय उभं राहिलं पाहिजे. ते उभं राहील असं वचन मी आज माझ्यापुरतं देऊ शकतो. सगळ्या महाविद्यालयांच्या वतीने देऊ शकत नाही. जे पान काढून टाकायला सांगतं ते प्रशिक्षण नसलेलं बरं, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर येतो. पण म्हणून मुलीला वर्गातच ठेवा, हे मला अजूनही पटत नाही. वर्गात तिचा आकडा कधीच चुकणार नाही, कारण तिथे तो आधीच्या वर्षीच्या जर्नलमधून येतो.

शेतकरी : ते मात्र खरं आहे. आम्हीही तसाच आणला होता. ठीक आहे, पाठवतो. पण तोंडी परीक्षेत तिला कारखान्याचा इतिहास आणि दैनिक गाळपक्षमता विचारू नका. कोणता आकडा चुकला आणि तो कोणी दुरुस्त करून दिला, एवढं विचारा. तिला सांगता आलं तर १२० तास कारणी लागले. आणि ज्याने दुरुस्त करून दिला त्या माणसाचं नाव अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा, व्यवस्थापकाच्या नावाच्या वर.

प्राध्यापक : नाव लिहीन, या वर्षापासूनच लिहीन. पण पाळी चालू असताना त्याने तिच्यासाठी काढलेल्या तासाचे पैसे कोणी द्यायचे, हे मी वाचलेल्या एकाही परिपत्रकात लिहिलेलं नाही.